मान कुणाच्या रीतीने हलली? इस्तंबूल ते सोफिया

२०२४ च्या मे महिन्यात मी आणि माझी मावसबहीण इस्तंबूल, बल्गेरियातलं प्लोवदिव, रोडोपी डोंगरातली दोन गावं आणि शेवटी सोफिया असं फिरून आलो. लिहायला चांगलाच उशीर झालाय, पण ज्याबद्दल लिहायचंय ते शिळं होणारं नाही. ताई कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली. त्यामुळे तिची माणसं बघायची तऱ्हा वेगळी आहे. आधी भुवया, मग खांदे, मग हात आणि तोंडातून काय निघतंय ते सगळ्यात शेवटी. या सहलीत तिच्या या सवयीचा उपयोग पासपोर्टाच्या खालोखाल झाला.

शुक्रवार, इस्तंबूल

विमानतळ, सामान, हॉटेल यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. दुपारी एमिनोन्यूच्या धक्क्यावर आलो. इथे बोटींचे धक्के एकाला लागून एक आहेत आणि कादिकोयला जाणारी बोट नेमकी कुठून सुटते ते पाटीवरून उमगेना. फाटकापाशी उभ्या असलेल्या माणसाला मी बोटीकडे हात करून विचारलं, "कादिकोय?"

त्याने हनुवटी जराशी वर उचलली, भुवया उंचावल्या आणि जिभेने "च्क" केलं.

मला वाटलं, त्याला ऐकू आलं नसावं. आपल्याकडे भुवया वर गेल्या की अर्थ "काय?" असाच. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. पुन्हा भुवया, पुन्हा च्क. तिसऱ्यांदा तोंड उघडणार तोच ताईने दंड धरला. "अगं, नाही म्हणतोय तो. च्क ऐकलं नाहीस का? घरी पोरं करतात तेच तर आहे!"

च्क अगदी आपलंच होतं, माझा घोटाळा केला तो भुवयांनी. तुर्कस्तानात भुवया वर म्हणजे नाही. कित्येक जण तर च्क करायचेही कष्ट घेत नाहीत, नुसत्या भुवया एक सूत वर जातात आणि विषय संपतो. आणि "काय म्हणालात?" विचारायचं असेल तर ते डोकं झटकन डावी-उजवीकडे हलवतात, म्हणजे आपण नाही म्हणताना हलवतो तसं. दुकानात पाण्याची बाटली मागितल्यावर दुकानदाराने असं डोकं हलवलं, तर पाणी संपलेलं नाही. तुमचं बोलणं त्याला कळलेलं नाही, एवढंच. पुन्हा सांगा.

बोट मिळाली, शेजारच्याच धक्क्यावर. पलीकडे जायला वीसेक मिनिटं लागतात. बोटीवर कंबरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यातून चहा येतो, मागे सीगल पक्षी सिमितच्या (तीळ लावलेल्या कड्यासारख्या पावाच्या) तुकड्यांसाठी कलकलाट करत येतात आणि युरोपातून आशियात आल्याची कुणी दखलही घेत नाही.

चहा इथे संपता संपत नाही. पेला रिकामा दिसला की भरला जातो. संध्याकाळी एका गालिच्यांच्या दुकानात (घ्यायचं काही नव्हतं, पाऊस आला म्हणून शिरलो) शेजारच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने चमचा पेल्यावर आडवा ठेवला. त्यालाच चहा आला नाही, आम्हाला आला. ताईने ते टिपलं आणि पुढच्या पेल्यावर तिचाही चमचा आडवा झाला. दुकानदार खूश झाला आणि गालिचे उलगडायला लागला! तिथून निघताना उपयोगी पडला तो उजवा तळहात छातीवर ठेवून किंचित झुकण्याचा नकार. त्यात आभारही येतात आणि समोरच्याचा मानही राहतो.

जाणाऱ्यांसाठी: इस्तंबूलकार्ट घ्या. बोट, ट्राम, मेट्रो सगळीकडे चालतं आणि एकाच कार्डावर दोघींचं भागतं. अंगठा आणि तर्जनी जोडून "झकास" दाखवायची सवय असेल तर ती घरीच ठेवून जा. तिथे त्याचा अर्थ गलिच्छ होतो.

शनिवार, इस्तंबूल

तोपकापी राजवाडा. गर्दी, ऊन, रांगा. मला जडजवाहीर बघायचं होतं, ताईला अंगणं. कारण विचारलं तेव्हा तिने असं काही सांगितलं, की जडजवाहीर मागे पडलं. ऑटोमन सुलतानांच्या दरबारात बहिरे-मुके सेवक असत. सुलतानासमोर कुजबुजणंही अदबीला सोडून मानलं जाई, म्हणून दरबारातली ऐकू येणारी माणसंसुद्धा या सेवकांकडून खुणांची भाषा शिकत. सुलेमानच्या काळापासून, म्हणजे सोळाव्या शतकापासून, ती राजवाड्यात रुजली होती. "आमच्या शाळेत पालक यायचे आणि म्हणायचे, हातवारे नका शिकवू, लोक हसतात," ताई म्हणाली. "इथे त्याच हातवाऱ्यांवर दरबार चालायचा." मग ती तिसऱ्या अंगणातल्या फरसबंदीवर बराच वेळ उगाचच उभी राहिली. मी सावलीत.

परतीच्या बोटीवर योगायोगच झाला. समोरच्या बाकावर चार तरुण मुलंमुली खुणांच्या भाषेत भांडत होती, बहुधा फुटबॉलवरून. ताईने थोडा वेळ पाहिलं आणि मग स्वतःच्या कानाकडे, त्यांच्याकडे, हातांकडे बोट करून काहीतरी सुरू केलं. लोकांना वाटतं की खुणांची भाषा जगभर एकच. तसं मुळीच नाही. भारतीय सांकेतिक भाषा वेगळी, तुर्की वेगळी. आई, पाणी, शाळा अशा साध्या शब्दांनाही हात निराळे. पण ही मंडळी अनोळखी माणसाशी जुळवून घेण्यात आपल्यापेक्षा कितीतरी पटाईत असतात. एक खूण कळली नाही की चिडत नाहीत, मोठ्याने तीच पुन्हा करत नाहीत, सरळ दुसरा रस्ता धरतात. चित्र काढतात, नक्कल करतात, वस्तूकडे बोट दाखवतात. धक्का येईपर्यंत ताईला त्यांच्यातल्या एकीचं लग्न ठरल्याचंही कळलं होतं.

उतरल्यावर ती म्हणाली, "नाही म्हणताना यांचंही डोकं मागे जातं. आपली मुलं डावी-उजवीकडे हलवतात." कालच्या फाटकावरच्या माणसाची हनुवटी म्हणजे निव्वळ लकब नव्हती तर. ऐकणाऱ्यांची मान बहिऱ्यांच्या भाषेत जाऊन तिचं व्याकरण झाली होती.

तोपकापी मंगळवारी बंद असतो. आणि कुणी काम करत असताना त्याच्या जवळून गेलात तर "कोलाय गेल्सिन" म्हणा. काम सोपं जावो, अशी ती सदिच्छा. झाडूवाला, मासेवाला, तिकीट तपासणारा, कुणालाही चालते. कपाळावरची आठी लगेच उतरते.

रविवार, सरहद्दीपलीकडे

१९ मे, तुर्कस्तानातली राष्ट्रीय सुट्टी. जिकडेतिकडे लाल झेंडे. सकाळच्या बसने निघालो, कापिकुलेला सरहद्दीवर उतरा, शिक्का, चढा, पुन्हा उतरा, सामान तपासा, पुन्हा चढा. संध्याकाळी प्लोवदिव. अक्षरं बदलली, बाकी सूर्यफुलांची शेतं दोन्हीकडे सारखीच.

सोमवार, प्लोवदिव

बल्गेरियात हो म्हणताना मान डावी-उजवीकडे हलते आणि नाही म्हणताना वर-खाली, हे आम्ही वाचून गेलो होतो. त्यामुळे तयारीत होतो. सकाळी बेकरीत बानित्सा दिसली, पापुद्र्यांची, आत चीज घातलेली. खात्री करावी म्हणून विचारलं, "बेझ मेसो?" म्हणजे बिनमांसाची ना? बाईंनी मान छान डावी-उजवीकडे डोलावली. आम्ही हसलो, घेतली, खाल्ली, बरोबर आइरान, म्हणजे ताकच, प्यायलो. सोपं आहे की सगळं, असं वाटलं.

दुपारी कापाना भागातल्या एका खानावळीत तोच प्रश्न केला. वाढणाऱ्या तरुणाने मान वर-खाली केली. म्हणजे नाही? मांस आहे? दुसरा पदार्थ विचारला, पुन्हा वर-खाली. तिसरा, तेच. चौथ्याला तो वैतागून इंग्रजीत म्हणाला, यस, सगळे बिनमांसाचेच आहेत. आमचे चेहरे बघून त्याने आमच्या सोयीसाठी आपली मान परदेशी केली होती.

खरी मेख इथे आहे. उलटी खूण एकदा पाठ केली की संपलं, असं होत नाही. समोरचा आत्ता त्याच्या रीतीने मान हलवतोय की माझ्या, हेच कळत नाही. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी १९७२ मध्ये एका लेखात हाच पेच लिहून ठेवलाय. १८७७-७८ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात रशियन सैनिक बल्गेरियात आले आणि या उलट्या मानेने चक्रावले. त्यांनी बल्गेरियन पद्धत उचलायचा प्रयत्न केला, तर बल्गेरियन लोकांना पत्ता लागेना की हा रशियन आता कुठली मान वापरतोय. सौजन्य दोन्हीकडून, आणि घोळ दुप्पट. त्यात आम्ही भारतीय. आमची मान तर तिरकी डोलते, आणि तिचा अर्थ हो, बरं, बघू, कळलं यापैकी काहीही असू शकतो.

फिरवून आणणारे गाइड याचं मूळ म्हणून गळ्याला तलवार लावल्याची एक गोष्ट सांगतात: ऑटोमन शिपाई धर्म बदलायला सांगत, लोक मान वर-खाली करून नकार देत वगैरे. गोष्ट रंगतदार आहे, पण मला पटत नाही. डोकं वर झटकून नाही म्हणणं ग्रीसमध्येही आहे, खुद्द तुर्कस्तानात आहे आणि इटलीच्या दक्षिण भागातही, जिथे प्राचीन काळी ग्रीकांच्या वसाहती होत्या. ते तलवारीपेक्षा फार जुनं असणार.

प्लोवदिवचा मुख्य पायी रस्ता सुरेख आहे. खाली रोमन स्टेडियम, शेजारी जुमाया मशीद, थोडं पुढे मिल्यो नावाच्या एका अवलियाचा पुतळा. तो कानामागे हात धरून बसलाय. लोक येतात, त्याच्या कानात मनातली इच्छा कुजबुजतात. तो कान घासून घासून चकचकीत झालाय. ताईने मराठीतच काहीतरी सांगितलं. काय ते मला सांगितलं नाही.

दारांवर, झाडांवर, विजेच्या खांबांवर चिकटवलेले साध्या कागदावरचे फोटो आधी हरवलेल्या माणसांचे वाटले. ते मृत्यूचे कागद निघाले. गेल्यावर एक, चाळीस दिवसांनी एक, सहा महिन्यांनी, वर्षाने, काही ठिकाणी वीस वर्षांनीसुद्धा. आपल्या चौकातल्या "भावपूर्ण श्रद्धांजली"च्या फ्लेक्सपेक्षा हे बरं वाटलं. आकाराने वहीच्या पानाएवढं आणि त्यात नेत्याचा फोटो नाही.

मंगळवार, स्मोल्यानकडे

बस आसेनोवग्राद सोडून दरीत शिरली आणि पाऊस सुरू झाला. बाच्कोवोचा मठ, १०८३ सालचा, खिडकीवरच्या थेंबांतूनच पाहिला. उतरायचं ठरलं होतं, पण ड्रायव्हरला "बाच्कोवो? स्टॉप?" विचारल्यावर त्याने मानेचं जे काही केलं त्यावर आमच्या दोघींचं एकमत होईपर्यंत मठ मागे गेला.

त्या दिवशी आम्ही एक नियम केला, तो सगळ्यांना सुचवते. मान हलवून उत्तर देता येईल असा प्रश्न विचारायचाच नाही. "दहाची बस आहे का?" असं न विचारता "बस किती वाजता?" विचारायचं. "हीच वाट का?" ऐवजी "वाट कुठे?" मग समोरच्याला हात वापरावा लागतो, बोटं दाखवावी लागतात, घड्याळावर टिचकी मारावी लागते. बोट खोटं बोलत नाही. आणि हो-नाही विचारलंच, तर मानेकडे न बघता शब्दाची वाट बघायची: "दा" म्हणजे हो, "ने" म्हणजे नाही.

स्मोल्यानला पोचलो तेव्हा थंडी होती, मे महिना असून. स्वेटर न्या.

बुधवार, शिरोका लका

रोडोपी डोंगरातलं हे गाव स्मोल्यानपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. दगडी छपरांची घरं, मधून ओढा, त्यावर कमानीचे पूल. ज्या घरात उतरलो तिथल्या आजींना बल्गेरियनखेरीज काही येत नव्हतं आणि आम्हाला चार शब्दांपलीकडे बल्गेरियन येत नव्हतं.

दुपारी त्यांनी पतातनिक केलं. बटाटा किसून, पिळून, कांदा, चीज आणि पुदिन्याच्या जातीचा एक पाला घालून, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस. थालीपिठाची कुणी थोरली बहीण असावी तसं. मग स्मिल्यानच्या शेंगांतले ते टपोरे घेवड्याचे दाणे. मग दही, चमचा उभा राहील इतकं घट्ट. मग पुन्हा पतातनिक. मी मान डावी-उजवीकडे हलवून "नको, नको" केलं. आजींनी आनंदाने आणखी वाढलं. अर्थात! त्यांच्या हिशेबी मी "हो, हो" म्हणत होते. तिसऱ्या वाढपाला ताईने पंगतीत करतो तसा तळहात ताटावर आडवा धरला. आजी थांबल्या. मग ताईच्या हाताच्या बाजूने, जिथे ताट उघडं राहिलं होतं, तिथे एक तुकडा सरकवलाच. आग्रहाला कुठे भाषा लागते.

जेवण झाल्यावर बाहेरून गाइदाचा आवाज आला. गाइदा म्हणजे चामड्याच्या पिशवीचं वाद्य, रोडोपीत त्याची मोठी, खर्जातली जात वाजवतात. गावात लोकसंगीताची शाळा आहे आणि विद्यार्थी रियाज करत होते. आजींचा नातू घरी आला होता, त्याला इंग्रजी येत होतं. त्याने सांगितलं की याच भागातल्या वाल्या बाल्कान्स्का यांचं गाणं, दोन गाइदांच्या साथीवरचं, १९७७ साली अंतराळात पाठवलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेलं. सांगताना छाती फुगली होती.

मी म्हटलं, थांब. त्याच तबकडीवर आमच्या केसरबाई केरकर आहेत. गोव्यातल्या केरीच्या, भैरवी गायलेल्या. व्हॉयेजर-१ ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला त्या वारल्या. पंचावन्न भाषांतल्या शुभेच्छांमध्ये मराठीही आहे, तुर्कीही आहे. नातवाला हे माहीत नव्हतं. खरं तर आमच्या ओळखीतल्या किती जणांना माहीत आहे?

फोनवर आधी त्यांचं गाणं लावलं. उंच, सरळ, डोंगराच्या या टोकाकडून त्या टोकाला हाक घातल्यासारखा आवाज. मग केसरबाई लावल्या. आजी चुलीशेजारी बसून ऐकत होत्या आणि एका जागेवर त्यांची मान सावकाश डावीकडून उजवीकडे गेली. ताईचीही तशीच गेली. एक मान बल्गेरियन रीतीने हो म्हणत होती आणि दुसरी आपल्या मैफलीतली दाद देत होती. सबंध सहलीत दोन्ही रीतींचा अर्थ जुळला तो एवढाच.

गुरुवार, सोफिया

बसने सोफिया. जुन्या स्नानगृहाच्या इमारतीजवळ गरम झऱ्याचे नळ आहेत, लोक कॅन घेऊन रांगेत उभे असतात. पाणी फुकट, चव खनिजांची, ताईला आवडलं, मला नाही.

हॉटेलमधल्या मुलीला मी "नाश्ता मिळेल ना" विचारलं (नियम मोडून). एव्हाना माझी मान बल्गेरियन झाली होती, आणि तिने आम्हाला पाहून आपली इंग्रजी केली. तिने वर-खाली केलं, मी डावी-उजवीकडे. मग दोघीही थांबलो आणि हसत सुटलो. तिने बोटांनी सात ते दहा दाखवलं.

आम्ही गेलो तेव्हा लेव्ह चालत होते. १ जानेवारी २०२६ पासून तिथे युरो आलाय, तेव्हा कुणाकडे जुन्या नोटा उरल्या असतील तर त्या खर्चायच्या भरवशावर जाऊ नका. विमानतळावर जायला मेट्रो आहे, थेट दुसऱ्या टर्मिनलपर्यंत.

शुक्रवार, २४ मे

तारीख मुद्दाम धरली होती. हा बल्गेरियात लिपीचा सण. स्लाव लोकांना लिपी देणारे म्हणून मानल्या जाणाऱ्या किरिल आणि मेथोदी या बंधूंच्या नावाच्या राष्ट्रीय ग्रंथालयापुढे त्यांचा पुतळा आहे, तिथे सकाळपासून शाळांची बँडपथकं, फुलांचे हार आणि पांढरे सदरे घातलेली मुलं. एका अक्षरमालेसाठी देशभर सुट्टी! २००७ मध्ये बल्गेरिया युरोपीय संघात आला तेव्हा संघाची तिसरी अधिकृत लिपी म्हणून सिरिलिक आली, याचा त्यांना अभिमान आहे, आणि युरोच्या नोटांवरही सिरिलिक अक्षरं आहेत.

ताईला शिक्षक म्हणून फुलं वाहायची होती. फुलवालीकडे तिने चार गुलाब उचलले. फुलवालीने डोळे मोठे केले, तिच्या हातात पाचवा कोंबला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. तिथे सम संख्येची फुलं मेलेल्यांना वाहतात, जिवंत माणसांना नि सणासमारंभाला विषम. एक्कावन्न आणि एकशेएकाच्या पाकिटांत वाढलेल्या ताईला ते समजवावं लागलं नाही.

त्यानंतर कानठळ्या. बारावी संपवलेली पोरं गाड्यांच्या खिडक्यांतून अर्धी बाहेर, नटूनथटून, एका सुरात ओरडत होती: एदनो, द्वे, त्री, चेतिरी… थेट बारापर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून. शाळेची बारा वर्षं संपली, ती मोजायची पद्धत. फुटपाथवरचे आजोबा-आजी त्यांच्याबरोबर मोजत होते, पोलीस हसत होता. दुपारपर्यंत ताईला आकडे पाठ झाले. संध्याकाळी मंडईत चेरी घेताना तिने ते सुरातच म्हणून दाखवले, तर दुकानदार तराजू सोडून पुढचे म्हणायला लागला, आणि बारावर दोघांनी टाळी दिली. चेरी एक किलो मागितल्या होत्या, हॉटेलवर येऊन पाहिलं तर बऱ्याच जास्त निघाल्या.